डॉट नेट फ्रेमवर्क : सर्व्हरवरील काढणी व पुनर्स्थापना

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज परिचालन प्रणालीवर आज्ञावली चालविण्यासाठी विकसित केलेली सामायिक आधारव्यवस्था म्हणजे डॉट नेट फ्रेमवर्क होय. तिची पहिली आवृत्ती २००२ मध्ये प्रसृत झाली. तत्पूर्वी अनेक आज्ञावल्या एकच सामायिक संहिता वापरीत व एकीने ती बदलली की दुसरी बंद पडे. यावर उपाय म्हणून फ्रेमवर्कच्या भिन्न आवृत्त्या एकाच संगणकावर शेजारी शेजारी नांदतील, अशी योजना करण्यात आली.

विंडोज सर्व्हर २००३ मध्ये आवृत्ती १·१ मुळातच अंतर्भूत होती. त्यानंतरच्या २·० (२००५) व ४ (२०१०) या आवृत्त्या त्या काळातील सर्व्हरांवर स्वतंत्रपणे बसवीत. त्यांत बिघाड झाल्यास त्या काढून पुन्हा बसविणे हा व्यवस्थापकांचा रूढ उपाय होता व तो सामान्यतः निर्धोकही होता.

विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये ही स्थिती पालटली. आवृत्ती ४·५ हा परिचालन प्रणालीचाच घटक बनला. सर्व्हर मॅनेजर व पॉवरशेल ही व्यवस्थापनाची साधने, तसेच चित्रमय पटल, त्यावर अवलंबून होती. त्यामुळे जुन्या सवयीने ४·५ काढून टाकणाऱ्यास संगणक पुन्हा सुरू झाल्यावर केवळ आज्ञा-खिडकी दिसे. ज्या साधनांनी दुरुस्ती करावयाची, तीच नाहीशी झालेली असत. डिझम हे साधन मात्र फ्रेमवर्कवर अवलंबून नसल्यामुळे शिल्लक राही. त्याच्या साहाय्याने फ्रेमवर्क व चित्रमय पटल हे घटक पुन्हा कार्यान्वित करता येत.

आवृत्ती ३·५ ची अडचण वेगळी होती. २·० साठी लिहिलेल्या जुन्या आज्ञावल्यांना ती आवश्यक असे. परंतु जागा वाचविण्यासाठी तिच्या फाइली सर्व्हरच्या तबकडीवर ठेवलेल्या नसत. त्या मूळ स्थापना-माध्यमातील ‘एसएक्सएस’ कप्प्यातून अथवा मायक्रोसॉफ्टच्या अद्ययावतीकरण सेवेतून मिळवाव्या लागत. इंटरनेटपासून अलग ठेवलेल्या सर्व्हरवर मूळ माध्यम हाताशी नसल्यास पुनर्स्थापना अयशस्वी होई.

परिचालन प्रणालीशी झालेल्या या एकजीवतेमुळे घटक काढून टाकण्याऐवजी जागच्या जागी दुरुस्त करणे अधिक इष्ट ठरले. २०१६ मध्ये आलेल्या डॉट नेट कोअरमध्ये आधारव्यवस्था आज्ञावलीसोबतच देण्याची सोय झाली व तिचे परिचालन प्रणालीवरील बंधन सैल झाले.