ब्लड कॅन्सरच्या निदानात गुणसूत्रं का तपासतात? कॅरियोटाइप आणि फिश टेस्ट म्हणजे काय?

सीबीसी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या दिसल्या की डॉक्टरांना ब्लड कॅन्सरची शंका येते. पण ब्लड कॅन्सर हा एकच आजार नाही. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा आणि त्यांचे कितीतरी उपप्रकार आहेत. नेमका प्रकार कळल्याशिवाय योग्य औषध ठरत नाही. अनेकदा त्याचं उत्तर पेशीतल्या गुणसूत्रांमध्ये, म्हणजेच क्रोमोसोममध्ये सापडतं.

नेमकं काय बिघडतं?

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. मनमाड जंक्शनवर दोन गाड्यांचे शेवटचे डबे चुकून एकमेकींना जोडले गेले, तर जे होईल तसंच इथे होतं. दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटतात आणि त्यांची अदलाबदल होते. याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. कधी एखादा तुकडा गायब होतो, कधी उलटा बसतो, तर कधी त्याच्या जास्तीच्या प्रती तयार होतात.

हे बदल बहुतेक वेळा जन्मानंतर फक्त रक्त तयार करणाऱ्या पेशींमध्ये होतात. त्यामुळे ते सहसा आई-वडिलांकडून आलेले नसतात.

याचा शोध कसा लागला?

१९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएलच्या रुग्णांमध्ये एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे बदलले गेलेत. या जोडातून बीसीआर-एबीएल हे नवं जनुक तयार होतं. ते पेशींना सतत वाढत राहण्याचा हुकूम देतं.

हा हुकूम थांबवणाऱ्या इमॅटिनिब गोळीला अमेरिकेत २००१ मध्ये मंजुरी मिळाली आणि सीएमएलचं चित्रच बदललं. भारतात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा या औषधावरचा पेटंटचा दावा फेटाळला. त्यामुळे स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा मार्ग खुला राहिला.

कोणत्या टेस्ट असतात?

- कॅरियोटाइप: पेशी लॅबमध्ये वाढवून, विभाजनाच्या वेळी थांबवून मायक्रोस्कोपखाली पाहतात. साधारण २० पेशी तपासतात. सगळी गुणसूत्रं दिसतात, पण लहान बदल सुटतात. वेळही जास्त लागतो.
- फिश: चमकणारे रंग लावून ठरावीक जागा शोधतात. शेकडो पेशी लवकर तपासता येतात. पण जे शोधायला सांगितलंय, तेवढंच सापडतं.
- पीसीआर: जोडलेल्या जनुकाचं अतिशय कमी प्रमाणही पकडते. सीएमएलमध्ये औषध लागू पडतंय का, हे यावरूनच पाहतात.
- ऑप्टिकल जीनोम मॅपिंग: डीएनएच्या लांब धाग्यांवर खुणा करून संपूर्ण जीनोमची मांडणी तपासणारं हे नवं तंत्र आहे. मात्र ते अजून सगळीकडे उपलब्ध नाही.

घाई कधी असते?

एपीएल या ल्युकेमियात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते. यात अचानक रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून नुसती शंका आली तरी रिपोर्टची वाट न पाहता एट्रा हे औषध सुरू करतात. वेळेत उपचार मिळाले तर हा सर्वाधिक बरा होणाऱ्या ल्युकेमियांपैकी एक आहे.

नाशिकच्या रुग्णांनी काय लक्षात ठेवावं?

नाशिकमध्ये कॅन्सर रुग्णालयं आहेत, पण अशा खास टेस्टचे नमुने अनेकदा मुंबई-पुण्याच्या लॅबमध्ये जातात. कॅरियोटाइपसाठी पेशी जिवंत राहाव्या लागतात. म्हणून नमुना हेपरिनच्या ट्यूबमध्ये, न गोठवता, शक्यतो २४ तासांत पोहोचावा लागतो. उशीर झाला किंवा ऊन लागलं तर टेस्ट फसू शकते. मग बोनमॅरो पुन्हा काढण्याची वेळ येते.

आणखी एक गोंधळ टाळायला हवा. नाशिकची दातार कॅन्सर जेनेटिक्स ही कंपनी रक्ताच्या नमुन्यातून स्तनासारख्या अवयवांचा कॅन्सर शोधण्याच्या टेस्टसाठी ओळखली जाते. ब्लड कॅन्सरमधली गुणसूत्रांची तपासणी ही त्याहून वेगळी गोष्ट आहे.

उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारता येतील: कोणती टेस्ट पाठवली? रिपोर्ट कधी येणार? त्यावरून औषध बदलणार का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, याची माहिती योजनेतल्या रुग्णालयातले आरोग्यमित्र देतात.