मोटार, तेल आणि व्याज

जर्मन डिझेल मोटार अमेरिकेत खपली ती केवळ रुबाबाच्या बळावर, असा समज आहे. इतिहास निराळे सांगतो. मर्सिडीज-बेंझने १९३६ साली डिझेलची मोटार पुढे आणली तेव्हा तिचा खडखडाट व संथ चाल पाहता ती टॅक्सीवाल्यांनाच शोभणारी होती. ज्या देशात पेट्रोल स्वस्त, तेथे असले इंजिन घ्यावे कोणी? परंतु १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल अडविले, पंपांपुढे रांगा लागल्या, आणि अमेरिकन गिऱ्हाईक हिशेब मांडू लागले. १९७८ मध्ये कंपनीने टर्बो जोडलेली ३०० एसडी खास त्याच्यासाठी काढली. १९८० नंतरची काही वर्षे तेथे खपणाऱ्या मर्सिडीजपैकी बहुतेक डिझेलच्या होत्या. तेल उतरले, तशी ती गिऱ्हाईके पांगली.

गिऱ्हाईक जोडण्याची मराठवाड्याची तऱ्हा याहून वेगळी. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) उद्योजक, डॉक्टर, वकील मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज मोटारींचा सौदा केला. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. एकेकट्याने गेलेल्या माणसाला जे मिळाले नसते, ते दीडशे जणांच्या जथ्याला मिळाले. मराठी माणसाला घासाघीस जमत नाही, हा आक्षेप येथे तरी टिकत नाही! भारतीय स्टेट बँकेने ४० कोटींहून अधिक कर्ज दिले, तेही सात टक्के व्याजाने. मोटार विकली गेली ती शोरूममध्ये नव्हे, बँकेच्या मेजावर.

त्याच सुमारास त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे व्याज सोळा टक्क्यांच्या घरात असल्याचे वृत्तपत्रांत छापून आले. औरंगाबादहून जालन्यामार्गे परभणीस जाणारी रेल्वे निजामाच्या राजवटीत झाली. तिच्या दोन्ही बाजूंस काळी जमीन, कापूस आणि पावसावर टांगलेले पीक. पीक बुडाले तर हप्ता बुडतो, म्हणून व्याज चढे, असे बँकेचे गणित. गणित चुकीचे नाही. पण त्या गणितात नांगरणीचे यंत्र महाग आणि मिरविण्याची गाडी स्वस्त ठरली, आणि दीडशे मोटारींच्या बातमीपुढे ट्रॅक्टरची बातमी फार थोड्यांच्या वाचनात आली.