मूळचे कुठले?

पुण्याला गेलो की आपली बोली ऐकून कोणीतरी विचारतेच, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ आपण बिरसा सांगतो, मग आजोबांचे गाव सांगतो. पण उत्तरच ठाऊक नसलेलेही लोक आहेत. परदेशी दत्तक गेलेली मुले ती हीच.

दत्तक आपल्याला नवा नाही. आपल्या जिल्ह्याचा वैनगंगेकाठचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्यांच्या गादीवर १८१८ साली बसलेला तिसरा रघुजी हा मूळचा बाजीबा, दुसऱ्या रघुजीच्या मुलीचा मुलगा. तो १८५३ मध्ये निपुत्रिक वारला, दत्तकाचा हक्क डलहौसीने मानला नाही आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. तंटा गादीचा होता. मुलगा कुणाचा हे मात्र सर्वांना माहीत असे. शास्त्रात तर ‘द्व्यामुष्यायण’ आहे, म्हणजे दोन्ही घरांचा पुत्र. १९५६ च्या कायद्याने जन्मघराचे नाते तोडले, तरी त्या घरातला विवाहनिषेध कायम ठेवला. म्हणजे जन्म विसरून चालणार नव्हते!

हा कायदा हिंदूंपुरता. म्हणून परदेशी जोडपी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे पालकत्व घेत आणि आपल्या देशात नेऊन दत्तविधान करीत. मूल येथून पाल्य म्हणून निघे, तेथे पोहोचून पुत्र होई. या वाटेवर लबाडीला जागा होती. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये नियम घालून दिले. भारताने हेग करार स्वीकारला तो २००३ साली.

ऑस्ट्रेलियाची कर्णधार झालेली लिसा स्थळेकर १९७९ मध्ये पुण्यात जन्मली. ‘श्रीवत्स’ संस्थेत तिचे नाव लैला होते. दत्तक घेणारे वडील मुंबईचे, आई इंग्रज. त्यामुळे सिडनीत वाढूनही आडनाव मराठीच राहिले. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने मुंबईत विश्वचषक जिंकला आणि खेळ थांबवला. आपण कौतुकाने ‘आपली पोरगी’ म्हणालो. स्वीडनमध्ये स्वीडिश आडनावाने वाढलेल्या मुलीला म्हटले असते का?

आता दत्तक गेलेल्यास मुळाचा शोध मागता येतो. पण मूल सोपवून गेलेल्या आईचे नाव तिच्या संमतीवाचून उघड होत नाही. मला विचाराल तर तिला दिलेला शब्द पाळावा. कधीकाळी तिच्यावर लोकांनीच ती वेळ आणली असेल. पण परत आलेल्या मुलाला, आईचे नाव नाही, निदान तालुका तरी सांगता यावा.