लांडग्याचे नाव आणि मेंदूतील रक्तवाहिनी

'ल्युपस' म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. त्वचा कुरतडल्यासारखी दिसणाऱ्या व्रणांना मध्ययुगीन युरोपातील वैद्यांनी हे नाव दिले आणि त्या रूपकाने व्याधीचे स्थानही कातडीवर निश्चित करून टाकले. मराठीत कॅन्सरचा 'कर्करोग' झाला. ल्युपस मात्र अनुवादाविनाच राहिला, त्यामुळे त्यातील श्वापद मराठी वाचकास सहसा जाणवत नाही.

व्हिएन्नाच्या मोरित्झ कापोसी याने १८७२ मध्ये या व्याधीचे सर्वांगव्यापी रूप नोंदविले. ज्वर, सांधेसूज यांच्याबरोबर मज्जासंस्थेच्या विकारांचीही दखल त्यात होती. पुढे विल्यम ऑस्लर याने वारंवार वाचा जाऊन अर्धांग लुळे पडणाऱ्या एका रुग्णाविषयी लिहिताना, त्वचेवर दिसतात तसेच बदल मेंदूतही होत असावेत, असे अनुमान मांडले. त्याने वर्णिलेल्या सर्वच रुग्णांना आजच्या अर्थाने ल्युपस होता असे नाही. परंतु दृष्टी कातडीखाली गेली, हे त्या अनुमानाचे महत्त्व.

तरीही एका नावाच्या जागी दुसरे बसले, एवढेच. झटके, भ्रम, पक्षाघात या सर्वांस 'मेंदूचा दाह' अथवा 'रक्तवाहिन्यांचा दाह' म्हणण्याचा प्रघात पडला. १९६८ मध्ये जॉन्सन व रिचर्डसन यांनी २४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऊतीत रक्तवाहिन्यांचा खरा दाह विरळाच आढळला. आढळल्या त्या सूक्ष्म वाहिन्यांच्या भित्तींतील विकृती आणि रक्त न पोहोचल्याने मृत झालेले बारीक भाग. हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. दाह मानला तर स्टेरॉइड द्यायचे. आणि स्टेरॉइडनेही भ्रम होऊ शकतो. रुग्णाची बडबड रोगाची की औषधाची, हा प्रश्न त्यामुळे खाटेशेजारी उभा राही, आणि मात्रा वाढवावी की घटवावी हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असे.

याहून विलक्षण कथा रक्तातील एका प्रतिपिंडाची. परीक्षानळीत रक्त गोठण्यास त्याने विलंब होतो, म्हणून १९७२ मध्ये त्यास 'ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट', म्हणजे ल्युपसमधील गोठणविरोधक, अशी संज्ञा मिळाली. देहात त्याचे वर्तन नेमके उलट: तेथे ते गुठळ्यांना कारण होते, आणि मेंदूच्या धमनीत गुठळी अडकली की पक्षाघात होतो. १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज याने अशा प्रतिपिंडांचा गुठळ्या, गर्भपात आणि मेंदूच्या विकारांशी असलेला संबंध एकत्र मांडला. त्यानंतर काही रुग्णांना दाह शमविण्याच्या औषधांऐवजी रक्त पातळ ठेवणारी औषधे देणे सयुक्तिक ठरले.

१९९९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने एकाच नावाचा आग्रह सोडून १९ स्वतंत्र विकारांच्या व्याख्या केल्या. पक्षाघातासारखे रक्तवाहिन्यांचे विकार आणि मनोविकृती त्यांत निरनिराळ्या नोंदींखाली आले. 'ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट' हे नाव मात्र टिकले. ते ज्यांच्या रक्तात सापडते अशा अनेकांना ल्युपस नसतोच, तरीही प्रयोगशाळेच्या अहवालात लांडगा उमटतो.