कोपऱ्यावरच्या दुकानातला नाताळ

नाताळ जवळ आला की इंग्रजी चित्रपटवाहिन्यांवर हलक्याफुलक्या प्रेमकथांची रीघ लागते. अमेरिकेतील हॉलमार्क वाहिनी तर २००९ पासून ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ या नावाखाली दरवर्षी अशा चित्रपटांची मालिकाच दाखवते. भुरभुरणारा बर्फ, रोषणाईने उजळलेले छोटे गाव, आरंभी एकमेकांशी भांडणारे नायक-नायिका आणि अखेरीस त्यांचे मनोमीलन, हा साचा प्रेक्षकाला पाठ असतो. तरीही तो दरवर्षी नव्याने पाहिला जातो. या साच्यातील बरेच काही ज्या चित्रपटात फार पूर्वी येऊन गेले आणि जो आजही ताजा वाटतो, असा चित्रपट म्हणजे अर्न्स्ट लुबिच यांचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’.

जानेवारी १९४० मध्ये, म्हणजे नाताळ उलटून गेल्यावर, मेट्रो-गोल्डविन-मेयरचा हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचा आधार होता मिक्लोश लास्लो या हंगेरियन लेखकाचे १९३७ मधील ‘परफ्युमरी’ हे नाटक. पटकथा लुबिच यांचे जुने सहकारी सॅमसन रॅफेल्सन यांची. घटनास्थळ बुडापेस्ट. पात्रांची नावे हंगेरियन आणि बोलणे मात्र अस्सल अमेरिकन, ही विसंगती पहिल्या पाच मिनिटांतच विसरायला होते.

कथा दोन ओळींत सांगता येईल अशी आहे. श्री. मातुशेक यांच्या चामडी वस्तूंच्या दुकानात आल्फ्रेड क्रालिक (जेम्स स्ट्युअर्ट) हा मुख्य विक्रेता आहे आणि क्लारा नोव्हाक (मार्गारेट सुलाव्हन) ही नव्याने लागलेली विक्रेती. दुकानात दोघांचे क्षणभरही पटत नाही. दोघेही एका अनोळखी व्यक्तीशी पत्रव्यवहार करीत असतात, त्या पत्रांच्या प्रेमात असतात, आणि ती अनोळखी व्यक्ती म्हणजे समोरच्या काउंटरवरचा आपला वैरीच आहे, हे दोघांनाही ठाऊक नसते. यातले एक गुपित मध्यावरच फुटते. क्रालिकला सत्य कळते, क्लाराला कळत नाही. चित्रपटाचा उत्तरार्ध या असमानतेवर उभा आहे, आणि प्रेक्षकाला त्याची गंमतही वाटते व क्लाराबद्दल थोडी काळजीही.

वास्तविक अशा कथेत दुकान हे निव्वळ पार्श्वभूमीचे काम करते. येथे तसे नाही. पहिल्याच प्रसंगात सगळी नोकरमंडळी बंद दुकानाबाहेर मालकाची वाट पाहत उभी असतात आणि त्या काही मिनिटांतच कोण कोणाला धरून आहे, कोण लाळघोटा आहे, कोण घाबरट आहे हे कळून चुकते. पिरोविच हा मध्यमवयीन, कुटुंबवत्सल कारकून तर मालकाने ‘तुमचे प्रामाणिक मत सांगा’ असे म्हणताच जिन्यावरून पसार होतो. प्रत्येक वेळी हसू येते. पण त्यामागचे कारण हसण्याजोगे नाही. त्याला बायको आहे, मुले आहेत आणि प्रामाणिक मताची किंमत परवडण्याजोगी नाही. क्रालिक लग्नाचा विचार करू लागतो तेव्हा याच पिरोविचला तो विचारतो, दोघांच्या संसाराला खर्च किती येतो? प्रेमकथेत हा प्रश्न इतक्या साधेपणाने विचारलेला क्वचितच आढळतो.

क्लाराची नोकरीही अशीच लढून मिळवलेली आहे. उघडल्यावर संगीत वाजणारी सिगारेटची पेटी विकत घ्यावी की नाही यावर मालक आणि क्रालिक यांचा वाद चालू असतो. दुकानात जागा नाही असे सांगितले गेल्यावरही क्लारा तीच पेटी एका स्थूल गिऱ्हाइकिणीला मिठाईचा डबा म्हणून विकून टाकते. गोड खाण्याचा मोह झाला की संगीत सावध करील, हा तिचा युक्तिवाद! तिला जागा मिळते, आणि क्रालिकशी तिचे वैरही त्याच क्षणी जुळते.

सौख्याच्या या चौकटीत लुबिच यांनी एक काळोखा धागा विणला आहे. आपल्या पत्नीचे दुकानातील कोणाशी तरी संबंध आहेत असा संशय मातुशेक यांना येतो आणि ते निरपराध क्रालिकला कामावरून काढून टाकतात. खरा गुन्हेगार वेगळाच, हे कळल्यावर हा वृद्ध माणूस आत्महत्येचा प्रयत्न करतो. निरोप्या पोरगा पेपी त्याला वेळीच वाचवतो. नाताळच्या हलक्या चित्रपटात हे सारे घडते आणि तरीही चित्रपट जड होत नाही. आदल्याच वर्षी ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये जादूगार झालेल्या फ्रँक मॉर्गन यांनी मातुशेक यांचा तोरा आणि एकटेपणा दोन्ही मोठ्या मायेने उभे केले आहेत. चित्रपटातील सर्वोत्तम अभिनय, माझ्या मते, त्यांचाच.

क्रालिकची नोकरी जाते ती नेमकी त्या अनोळखी मैत्रिणीला भेटावयाच्या दिवशी. खचलेला क्रालिक कॅफेच्या आत जाऊ इच्छीत नाही. पिरोविच काचेतून डोकावतो. टेबलावर खुणेचे ‘अॅना कॅरेनिना’ आणि लाल कार्नेशनचे फूल, आणि त्यामागे क्लारा. क्रालिक आत जातो, पण ओळख न देता. ती आपल्या स्वप्नातल्या माणसाची वाट पाहत असल्यामुळे याला वाटेल ते बोलते, एक क्षुल्लक कारकून म्हणून हिणवते. तो ऐकून घेतो. स्ट्युअर्ट यांच्या चेहऱ्यावरची ती शांतता पाहण्यासारखी आहे.

याहून लहान आणि याहून परिणामकारक प्रसंग टपाल कार्यालयातला. कॅमेरा पत्रपेट्यांच्या मागच्या बाजूस आहे. एका खणात हातमोजा घातलेला हात येतो, रिकाम्या जागेत चाचपडतो आणि मागे जातो. मग त्या चौकटीत क्लाराचा पडलेला चेहरा दिसतो. संवाद नाही. ‘लुबिच टच’ या शब्दांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तो समजून घ्यायला हे काही सेकंद पुरेत.

बर्लिनमध्ये १८९२ साली जन्मलेल्या लुबिच यांचे वडील शिंपीकामाचा व्यवसाय करीत आणि तरुणपणी लुबिच यांनी तेथे काम केलेले होते. दुकानातील माणसे ते ओळखून होते. क्लाराचा पोशाख स्वस्तातला, तयार घेतलेला असावा आणि तोही उन्हात ठेवून विटवावा, असा त्यांचा आग्रह होता असे सांगितले जाते. नाझी राजवटीने १९३५ मध्ये त्यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले. पिरोविचची भूमिका करणारे फेलिक्स ब्रेसार्ट हेही त्याच राजवटीमुळे देशोधडीला लागलेले नट. चित्रपट आला तेव्हा युरोपात युद्ध पेटून चार महिने झाले होते. पडद्यावर युद्धाचा उल्लेखही नाही. पण हे बुडापेस्ट दुरावलेल्या माणसांनी कॅलिफोर्नियातील स्टुडिओत उभे केलेले आहे, हे ठाऊक असले की त्या बर्फाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

या कथेचे नंतर अनेक अवतार झाले. ‘इन द गुड ओल्ड समरटाइम’ (१९४९) या संगीतपटात ज्युडी गारलंड होत्या. १९६३ मध्ये ब्रॉडवेवर ‘शी लव्ह्ज मी’ आले. आपल्याकडील प्रेक्षकांना सर्वांत परिचित तो नोरा एफ्रन यांचा ‘यू हॅव गॉट मेल’ (१९९८). त्यात पत्रांची जागा ई-मेलने घेतली आणि नायिकेच्या छोट्या पुस्तकदुकानाला मूळ चित्रपटाचेच नाव देण्यात आले. चित्रपट गोड आहे, टॉम हँक्स व मेग रायन यांची जोडीही. पण नायक तेथे बड्या दुकानसाखळीचा वारस आहे आणि त्याच्यामुळे नायिकेचे दुकान बंद पडते. तिने त्याला क्षमा करावी, हे मला कधीच पूर्णपणे पटले नाही. लुबिच यांची दोघे सारखीच पगारदार, सारखीच अडलेली. म्हणून त्यांच्यातील भांडणही बरोबरीचे आहे.

नाताळची पूर्वसंध्या अखेर येते. गल्ला तुडुंब भरलेला, बोनस वाटून झालेला. एकाकी मातुशेक दुकानाबाहेर बर्फात उभे राहून एकेका नोकराला आजचा बेत विचारतात. प्रत्येकाला कोणी तरी घरी वाट पाहणारे आहे. शेवटी बाहेर पडतो तो नवा निरोप्या मुलगा, रूडी. त्याचे बुडापेस्टमध्ये कोणी नाही. मालक त्याला भाजलेला हंस, काकडीची कोशिंबीर, अॅपल स्ट्रुडेल असे पदार्थ एकामागून एक ऐकवतात. पोराचे डोळे विस्फारतात आणि दोघे गाडीत बसून जेवायला जातात. आत दिवे मालवलेल्या दुकानात क्रालिक आणि क्लारा अजून उरलेले असतात, आणि क्रालिकने खिशातले लाल कार्नेशन अद्याप कोटाला लावलेले नसते.