अ इ उ ए ओ

इथे एडिसनमध्ये ओक ट्री रोडवर गुजराती, तेलुगू, मराठी सगळं कानावर पडतं. जपानी मात्र पुस्तकातूनच शिकावी लागते. आणि तीही रोमन अक्षरांतून, म्हणजे मराठी माणसाला निव्वळ द्राविडी प्राणायाम! कारण जपानी अक्षरांचा क्रम बघा: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. अहो, ही तर आपलीच मुळाक्षरं!

हा योगायोग नाही. कुकाई हा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथे संस्कृतची सिद्धम् लिपी शिकला आणि ८०६ साली परतला. मंत्र शुद्ध म्हणता यावेत म्हणून मठांतून सिद्धम्‌चा अभ्यास चालू राहिला आणि त्यातूनच ११व्या शतकात जपानी अक्षरांचे असे तक्ते जुळत गेले.

पण न आणि म यांच्या मध्ये ह काय करतोय? आपल्याकडे तिथे प-वर्ग असतो, ह पार शेवटी. गंमत अशी, की तो उच्चार मुळात ओठांचाच, प-फसारखा होता. झिजत झिजत त्याचा ह झाला, तक्त्यातली जागा मात्र सुटली नाही. आजही 'ह'च्या अक्षराला दोन रेघोट्या दिल्या की ब होतो, छोटं वर्तुळ दिलं की प. 'निहोन' आणि 'निप्पोन' ही एकाच देशाची दोन नावं त्याच घराण्यातली. आणि च-वर्गाच्या जागी बसलेला स? तोही पूर्वी 'त्स'कडे झुकणारा असावा, असं भाषातज्ज्ञ मानतात.