सापाचे अन्न : नागपंचमीच्या दुधापासून सर्पोद्यानाच्या तराजूपर्यंत

रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा नदी जेथे धरणाच्या भिंतीशी अडते, तो अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचा मुलूख भातखाचरांचा, मुसळधार पावसाचा आणि म्हणूनच बेडूक, उंदीर व त्यांवर जगणाऱ्या सापांचा आहे. भाताची आवणी आटोपत येते त्या सुमारास श्रावण शुद्ध पंचमी येते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्या दिवशी जमीन नांगरू वा खणू नये, विळीने चिरू नये, चुलीवर तवा ठेवू नये असा संकेत पाळला जातो आणि दिंडांचा नैवेद्य करून वारुळाची किंवा पाटावर काढलेल्या नागाची दूध-लाह्यांनी पूजा केली जाते. या आचाराला दोन अंगे आहेत : सापाला इजा होऊ नये म्हणून माणसाने आपला हात आवरणे हे एक, आणि आपल्या हाताने त्याला काही खाऊ घालणे हे दुसरे. पहिले अंग सापाच्या खऱ्या हिताचे आहे. दुसऱ्यातील भाव निर्मळ असला तरी त्यातील अन्न सापाचे नाही, आणि हे समाजाला उमगण्यास फार मोठा काळ जावा लागला.

साप हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. नाग उंदीर, बेडूक, पक्ष्यांची अंडी आणि प्रसंगी इतर सापही खातो. धामण उंदीर-बेडकांवर जगते. मण्याराचा भर मुख्यतः इतर सापांवर असतो, तर आकाराने लहान असलेले फुरसे पाली, विंचू व किडे यांवरही गुजराण करते. साप भक्ष्य न चावता अखंड गिळतो. त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असल्याने ऊब मिळाली तरच गिळलेले पचते, आणि थंडीत तो आठवडेच्या आठवडे काही न खाता राहू शकतो. सस्तन प्राण्यांच्या पिलांप्रमाणे दूध पिण्याचा टप्पा त्याच्या आयुष्यात कधीच येत नसल्यामुळे दूध पचवण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. पावसाळ्यात भक्ष्य मुबलक असताना त्याच्या उदरात मेदपिंड, म्हणजे चरबीचे लांबट साठे, भरत जातात. हिवाळ्यातील उपास आणि पुढे मादीच्या पोटातील अंड्यांची वाढ या साठ्यावर निभावते. सापाचे निकोप वजन हा अशा रीतीने वर्षभराच्या ऋतुचक्राचा हिशेब असतो.

गारुड्याच्या टोपलीत हा हिशेब साफ बिघडत असे. पुंगी आणि डमरू घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गारुड्यांचे पोट नागावर चाले आणि त्यांच्यापैकी अनेकांना सापाच्या सवयींचे बारीक ज्ञानही होते. परंतु खेळ निर्धोक व्हावा म्हणून नागाचे विषदंत उपटले जात, काही वेळा तोंड शिवलेही जाई. त्यातून जखमा चिघळत, तोंडात जंतुसंसर्ग होई, आणि भक्ष्य पकडण्याचे व गिळण्याचे साधनच नाहीसे झालेला साप हळूहळू झिजत जाई. नागपंचमीपूर्वी अशा सापाला अनेक दिवस तहानलेला ठेवला म्हणजे तो समोर येईल तो द्रव पिऊन टाकी, आणि नागाने दूध स्वीकारले या समाधानात भाविक परतत. ते दूध श्वासमार्गात शिरले तर फुफ्फुसांना संसर्ग होई, पोटात गेले तर पचत नसे, आणि सणानंतर असे कित्येक नाग मरून जात.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची परंपरा याहून निराळी होती. गोरक्षनाथांच्या आख्यायिकेशी जोडलेल्या या गावात नागपंचमीपूर्वी रानातून जिवंत नाग पकडून मडक्यांत ठेवले जात, मिरवणुकीने त्यांची पूजा होई, आणि विषदंत न काढता त्यांना पुन्हा रानात सोडण्याची रीत होती. तेथील लोकांची नागाविषयीची आत्मीयता खरी होती यात शंका नाही. तथापि आषाढ-श्रावण हा नागाच्या खाण्याचा ऐन हंगाम असतो, आणि त्याच दिवसांतील बंदिवास म्हणजे वर्षाच्या बेगमीतून वजा झालेले दिवस असतात. वन्यजीव संरक्षण कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे पुढे जिवंत नागांची ही पूजा थांबली व प्रतिमापूजनाकडे वळली.

सापाच्या आहाराचा पद्धतशीर विचार सुरू झाला तो सर्पदंशावरील लसीच्या गरजेतून. फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत यांनी 1890 च्या दशकात प्रतिविष तयार केले, आणि विषासाठी पाळलेले साप स्वतःहून खात नसल्यामुळे त्यांच्या घशात नळी घालून फेटलेली अंडी सोडण्याची पद्धत आपल्या ग्रंथात चित्रांसह नोंदवली. मुंबईत 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतीय सापांवर प्रदीर्घ लेखमाला लिहिली, आणि सापांच्या पोटात प्रत्यक्ष काय सापडते याच्या नोंदींमुळे ऐकीव समजुतींच्या जागी पुरावा आला. परळच्या हाफकिन संस्थेत प्रतिविषाच्या कामासाठी साप सांभाळले जात. तेथील प्राणिशास्त्रज्ञ डॉ. पी. जे. देवरस यांनी भारतीय सापांवर सामान्य वाचकासाठी पुस्तकही लिहिले. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने 1986 मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले, तेव्हा हे ज्ञान प्रयोगशाळेबाहेर पडून शाळकरी मुलांपर्यंत आणि पुढे गावोगावच्या सर्पमित्रांपर्यंत पोचले.

या अनुभवातून जी रीत सिद्ध झाली ती सोपी पण संयमाची आहे. सापाचे वजन कापडी पिशवीत घालून केले जाते आणि पिशवीचे वजन त्यातून वजा होते. मात्र नुसत्या आकड्यापेक्षा लांबीशी त्याचे प्रमाण आणि शरीराचा घाट अधिक बोलका असतो. पाठीचा कणा वर आलेला, बाजू खोल गेलेल्या आणि कातडीला सुरकुत्या पडलेल्या असतील तर साप खंगलेला समजावा. शेपटीच्या मुळाशी चरबीच्या वळ्या दिसू लागल्या तर तो बेताबाहेर पोसलेला समजावा. खंगलेल्या सापाला एकदम मोठे भक्ष्य देणे घातक असते. आधी पाणी, मग योग्य ऊब आणि त्यानंतर लहान भक्ष्य थोड्या थोड्या दिवसांनी, हा क्रम पाळावा लागतो. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाहून फारशी अधिक नसावी, आणि खाल्ल्यानंतर एक-दोन दिवस त्याला हाताळू नये, अन्यथा तो भक्ष्य ओकून टाकतो. कात टाकण्याच्या दिवसांत तो खात नाही, हे आजाराचे लक्षण मानू नये. युरोप-अमेरिकेत हौसेने पाळलेल्या सापांना गोठवलेले उंदीर ऊन करून देतात. तेथे उपासमारीपेक्षा अतिपोषणाचा आणि त्यातून उद्भवणाऱ्या यकृतविकाराचा प्रश्न अधिक दिसतो.

भारतात मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी साप घरी पाळता येत नाही, आणि 2022 च्या सुधारणेने नाग व धामण यांना पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वोच्च, संरक्षण लाभले आहे. त्यामुळे सापाला योग्य वजनावर आणण्याचे काम जखमी साप सांभाळणारी अधिकृत उपचार केंद्रे व प्राणिसंग्रहालये यांच्यापुरते उरते, आणि बाकीच्या समाजाची जबाबदारी त्याचे अन्न जेथे आपोआप निपजते ती जागा राखण्याची होते. भंडारदऱ्याच्या बाबतीत ही जबाबदारी धरणाच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहे. 1926 साली पूर्ण झालेल्या या विल्सन धरणाच्या पाण्याने खालचे प्रवरा खोरे बागायती झाले, ऊस आणि धान्य वाढले, आणि त्यांबरोबर उंदरांना बारमाही आसरा मिळाला. वरच्या अंगाला 1986 मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात रान, ओढे आणि खाचरे टिकून राहिली. खालच्या शिवारात उंदरांवर सर्रास विष टाकले तर तेच विष भक्ष्यातून धामणीच्या पोटात जाते. वरच्या खाचरांतील बेडूक कीटकनाशकांमुळे घटले तर सापांची हिवाळ्याची बेगमी घटते. नागपंचमीच्या संकेतांपैकी जमीन न खणण्याचा आणि हात आवरण्याचा भाग म्हणूनच आजही पूर्ण समर्थनीय आहे, आणि त्याला कीटकनाशकांचा व उंदीरनाशकांचा वापर बेताने करण्याची जोड दिली तर वारुळापुढे दूध न ठेवताही नागाला अन्न देण्याचा मूळ हेतू अधिक खऱ्या अर्थाने सिद्धीस जातो.